गणोरकरांचा तिसरा कप

या अंकात ज्यांचे कामाचे अनुभव छापून येतात, त्यांचे केस त्या कामातच पांढरे झालेले असतात. माझी सगळी नोकरी पावणेतीन वर्षांची, तीसुद्धा रोज कॉलेज सुटल्यावरची, अर्धवेळ. तेव्हा लिहायला बसल्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे कुठे बोलावं आणि कुठे गप्प बसावं याचा अंदाज मला अजून नीट येत नाही. संपादकांनी 'गणोरकरांचा पंचनामा' या मालिकेबद्दल लिहा म्हटलं, कारण तिचा दुसरा भाग माझ्या हातून गेला. ते खरं आहे. आणि त्यात माझ्याकडून एक चूक झाली. एका बापाने मुलासाठी पुस्तकात ठेवलेला निरोप मी पुसून टाकला. हे आधीच सांगतो, म्हणजे मी काही राखून ठेवतोय असं कुणाला वाटायला नको.

मी चांदूर रेल्वेचा. वडील गवंडीकाम करतात. बी.ए.साठी अकोल्याला मावशीकडे राहिलो आणि जठारपेठेत काळमेघकाकांच्या छोट्या प्रकाशनात कामाला लागलो. काका आरत्यांची पुस्तकं, पाककृती, पत्रिका आणि रहस्यकथा छापत. दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, एक जुना काळा फोन. हाताने लिहून आलेला मजकूर टाइप करायचा, त्याची पानं काढायची आणि ती वाचून चुका दुरुस्त करायच्या, हे माझं काम. याला मुद्रितशोधन म्हणतात. खरं तर ज्याने टाइप केलं त्यानेच तपासू नये असा नियम आहे, कारण आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पण आमच्याकडे दुसरे डोळे नव्हते.

पहिल्या सुटीत घरी गेलो तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय काम करतं बाप्पा तिथं?"

"लोकांनी लिहिलेल्यातल्या चुका काढतो."

"थे काम तं तुई माय घरबसल्या करते," वडील म्हणाले, आणि आई भाकरी थापता थापता हसली. पण रविवारी त्यांनी शेजारच्यांना सांगितलेलं मी ऐकलं, "पोरगा किताबा तपासते."

या कामात एक साधी पद्धत आहे. शुद्धलेखनाची चूक असेल तर सरळ दुरुस्त करायची. पण मजकुरातच काही खटकलं, समजा पहिल्या पानावर विधवा असलेली बाई चाळिसाव्या पानावर नवऱ्याला जेवायला वाढतेय, तर आपण हात लावायचा नाही. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढायचं आणि पान लेखकाकडे पाठवायचं. ठरवायचं त्याने.

पहिल्या महिन्यात मी एका पाककृतीच्या पुस्तकात एवढी प्रश्नचिन्हं काढली, की काकांनी पानं टेबलावर आपटली. "ओ पदवीधर! तू किताब तपासून रायला का बाईची मुलाखत घेऊन रायला? एवढं बी समजत नसंन तं शिकतं कायले?"

ते त्यांचं नेहमीचं बोलणं होतं, पाच मिनिटांनी त्यांनीच चहा मागवला. पण मला ते लागलं. विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही हे उघडं पडतं, असं मला शाळेपासून वाटत आलेलं. त्यानंतर मी प्रश्नचिन्हं कमी केली. हळूहळू बंदच केली.

आता मालिकेबद्दल. लेखक सत्तारखान, आम्ही सगळे त्यांना सत्तारचाचा म्हणायचो. बाळापूरचे. तालुक्याच्या कोर्टात त्यांनी आयुष्यभर साक्षीदारांचे जबाब लिहून घेतले होते. बोलणं सगळं वऱ्हाडी, मध्येच उर्दू, पण लिहायला बसले की कोर्टासारखं स्वच्छ मराठी. निवृत्त झाल्यावर त्यांनी विठोबा गणोरकर नावाचा नायक उभा केला. हा निवृत्त बेलिफ, म्हणजे कोर्टाची समन्सं घरोघर पोचवणारा. जिथे भूत आहे म्हणतात तिथे तो जातो. मंत्र नाही, अंगारा नाही. स्टो पेटवून चहा ठेवतो, कागद पुढे घेतो आणि भुताचा जबाब नोंदवतो. पहिला प्रश्न नेहमी एकच, "तुमचं काय राहून गेलं?" त्या जबाबावरून तो जिवंत माणसांतला गुन्हेगार शोधून काढतो. चहा तीन कप. एक स्वतःला, एक सोबती बाबूला, आणि एक जबाब देणाऱ्या भुताला. भुताचा कप गार होऊन जातो. पण तो ठेवायचा, कारण साक्षीला आलेल्याला पाणीसुद्धा न विचारता उभं करू नये, असं गणोरकरांचं म्हणणं.

पहिला भाग 'बारवेतली हाक'. त्याच्या शेवटी बाबू बारवेत उतरतो. गणोरकर दोर ओढतात, तर दोर रिकामा वर येतो. पुस्तक तिथेच संपतं. एसटी स्टँडवर आणि स्टेशनच्या स्टॉलवर ते चांगलं गेलं, आणि आमचा काळा फोन वाजायला लागला. बाबू मेला का? लोक रागावून विचारत. फोनसाठी काकांनी मला एक उत्तर शिकवून ठेवलं होतं, "ते पुढच्या भागातच कळेल." मूर्तिजापूरहून एक गृहस्थ तर स्वतःच आले. घरात भांडी आपोआप पडतात, गणोरकरांना पाठवा म्हणाले. काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "गणोरकर दौऱ्यावर हायेत. तवर मांजर बांधून ठेवा." ते गृहस्थ पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन आले. मांजरच निघालं होतं.

दुसरा भाग 'जिनिंगमधली जबानी'. बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीत सरकी साठवायच्या खोलीतून कुणी तरी हजेरी घेतल्यासारखी नावं पुकारतं, अशी गोष्ट. चाचांनी निळ्या शाईत, आखीव कागदावर लिहिलेलं हस्तलिखित आलं आणि मी ते आठ दिवसांत टाइप केलं. इतकं चांगलं काही माझ्या हातात आलं नव्हतं. पण एक गोष्ट खटकली. बाबू तर पहिल्या भागात गेला. आता उरले गणोरकर आणि भूत. तरी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गणोरकर तीन कप चहा करतात. एकदा नाही, नऊ ठिकाणी. मला वाटलं, चाचांचं वय झालंय, जुन्या सवयीने लिहून गेले. आणि शेवटच्या प्रकरणात तर एक ओळ होती, "तिसरा कप त्यांनी दाराकडे सरकवला. दार उघडंच होतं." याचा मागच्या-पुढच्या कशाशीच संबंध लागेना.

समासात प्रश्नचिन्ह काढायला हवं होतं. मी पेन्सिल उचललीही होती. मग ठेवून दिली. नऊ ठिकाणी 'तीन'चे 'दोन' केले आणि ती ओळ काढून टाकली. चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात होतं. शेवटची पानं पाठवू का, असं काकांनी फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सिद्धार्थ पायते ना? मंग मले कायले पाठवता?" सिद्धार्थ म्हणजे मी. ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं ते आता लिहिताना लाज वाटते.

शेवटच्या पानावर जागा उरली होती. अशा जागेत आम्ही नेहमी टाकायचो तेच मी टाकलं, 'तिसरा भाग लवकरच'.

पुस्तक स्टॉलवर जाऊन आठवडा झाला असेल, दुपारी फोन आला. माणसाचा आवाज, मागे बरीच गडबड. त्या फोनवर नंबर दिसायची सोय नव्हती.

"दुसरा भाग वाचला. बाबू येत नाई ना यात?"

"नाही."

"मंग गणोरकर चहा दोनच कपाचा काहून ठेवतात?"

एवढं बारकाईने वाचणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. मी उत्साहाने म्हणालो, "मूळ लिखाणात तीन होते, पण बाबू नसताना तीन कसे? ते मी दुरुस्त केलं."

"तीन लिवले होते?"

"नऊ ठिकाणी. वयामुळे होतं असं."

तो इतका वेळ गप्प राहिला की फोन कटला असं मला वाटलं. मग त्याने विचारलं, "तिसरा भाग कधी हाय?"

"लवकरच."

"त्यात येईन बाबू?"

"ते पुढच्या भागातच कळेल," मी म्हणालो. शिकवलेलं उत्तर.

त्यानंतर दोन आठवड्यांनी लेखकाच्या प्रती घेऊन मी एसटीने बाळापूरला गेलो. किल्ल्याच्या अलीकडच्या गल्लीत चाचांचं घर. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते पलंगावर बसले होते. त्यांची मुलगी शबानाताई शाळेत शिकवते, ती त्यांच्यासोबत राहते. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, नाकाशी नेऊन शाईचा वास घेतला, आणि म्हणाले, "वाच बेटी. पयलं प्रकरण वाच."

ताईने आधी चहा आणला. आम्ही माणसं तीन आणि ट्रेमध्ये कप चार. चौथ्यावर बशी झाकलेली. ती तो कप खिडकीत ठेवून आली, जसं कुणी रोजचं काम करतं तसं, आणि वाचायला बसली. मी त्या बशीकडे बघत होतो. वाचता वाचता ती प्रकरणाच्या शेवटाला आली. "गणोरकरांनी स्टो विझवला आणि दोन कप भरले."

"तीन," चाचा म्हणाले.

"अब्बा, दोन लिवेल हाय."

"तीन हायेत, बेटी. नीट पाय."

"दोनच हाय, अब्बा."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. जे केलं होतं ते सांगितलं. शेवटची ओळ काढली तेही सांगितलं.

शबानाताईने पुस्तक मिटलं. मग तिने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ आरिफ घर सोडून गेला होता. आयटीआय अर्ध्यात सोडून आला, तेव्हा पाहुण्यांच्या देखत चाचा त्याला बोलले, "तुयाच्यानं काई पुरं होत नाई." तो त्याच संध्याकाळी गेला. लहानपणी गणोरकरांच्या गोष्टी चाचा त्यालाच सांगायचे. बाबू हे नावही त्याचंच, घरातलं. सुरतकडे असतो एवढं कळलं होतं. त्याच्या एका मित्राने मागे सांगितलं होतं की अकोल्याच्या स्टेशनवर त्याने पहिला भाग विकत घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. नंतर त्या मित्राचाही नंबर बंद झाला.

"घरात त्याचा कप रोज ठेवतो आमी," ताई म्हणाली. "अब्बाले वाटे, दुसऱ्या भागात तीन कप पायले का त्याले समजंन."

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही. चाचांनी हात पुढे करून चाचपडत माझा खांदा शोधला.

"तुयी नजर कारकुनाची हाय, बेटा. चांगली हाय. पण एक ध्यानात ठेव. साक्षीदार चुकीचं बोलून रायला असं वाटलं, तरी कारकुनानं जबाब दुरुस्त नाई कराचा. तो जसा बोलला तसाच लिवाचा. त्यानं तसं काहून सांगतलं, थे त्याले मालूम असते."

तेव्हा मला तो फोन आठवला, आणि मी तोही सांगितला.

चाचा पलंगावरून उठून उभेच राहिले. "आवाज कसा व्हता? बोलता बोलता मधीच थांबे का? 'र' म्हणताना जीभ अडके का?"

मला सांगता येईना. त्या पुस्तकातला एकेक स्वल्पविराम मला पाठ होता, आणि तो आवाज आठवत नव्हता. "थांबला होता," मी म्हणालो, "एकदा बराच वेळ थांबला होता."

"तीन लिवले व्हते, हे तू सांगतलं ना त्याले? साफ सांगतलं?"

"हो. नऊ ठिकाणी, असंही सांगितलं."

"मंग झालं!" ते हसले. पट्टीखालून पाणी येत होतं, ऑपरेशनमुळे की कशामुळे ते मला विचारता आलं नाही. "मंग त्याले समजलं. आता तो येतेच. शबाना, त्याची खोली झाडून ठेव."

निघताना मी विचारलं, "चाचा, तिसरा भाग?"

"तो कायले? किताब त्याच्यासाठी व्हती. आता तो सोताच येऊन रायला."

परत येताना एसटीत मी ठरवलं की आपण बिघडवलेलं आपण नीट करायचं. काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते ओरडतील. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी तुले तवा बोललो म्हणून तू इचारलं नाई काय?" मी नाही म्हणालो. ते खोटं होतं आणि त्यांना ते कळलं. मग म्हणाले, "छाप शुद्धिपत्र. कागद मी देतो."

शुद्धिपत्र म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर सापडलेल्या चुकांची चिठ्ठी. नऊ पानांचे आकडे, प्रत्येकासमोर 'दोन कप ऐवजी तीन कप वाचावे', आणि खाली ती काढलेली ओळ. उरलेल्या प्रतींत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि नंतरचे तीन रविवार डिंकाची बाटली घेऊन स्टॉलवर स्टॉल फिरलो. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. अमरावतीच्या स्टँडवरच्या स्टॉलवाल्याने माझा उद्योग पाहिला आणि चिठ्ठी वाचली.

"एका कप चायसाठी एवढा फिरून रायला तू? भाऊ, चाय मी पाजतो, बस खाली."

मी बसलो. त्याने खरंच चहा पाजला.

आरिफ त्या महिन्यात आला नाही. त्या पावसाळ्यात आला नाही. मी महिन्यातून एकदा बाळापूरला फोन करायचो. चाचा फोन घेतल्याबरोबर विचारायचे, "प्रेसवर आला का काई फोन?" प्रेसवर फोन यायचे, तिसरा भाग कधी म्हणून विचारणारे. प्रत्येक वेळी आवाज नीट ऐकायला लागलो. नाव विचारायचो. त्यातला कुणीच तो नव्हता. एकदा मी चाचांना म्हणालो, लिहा ना पुढचा भाग, लोक विचारतात. ते म्हणाले, "बाबूले बारवेतून मी कसा काढू, सिद्धार्थ? त्यानं वर याचं ठरवलं, तरच तो येईन. जबरदस्तीची जबानी मी कधी लिवली नाई." मला ते पटलं. मोठा माणूस बोलतोय, आपण काय सांगणार, असं मनात म्हणालो. पुन्हा गप्प बसलो.

बी.ए. झालं. एम.ए.साठी अमरावतीला आलो, होस्टेलवर राहायला लागलो. आता इथे आठवड्यातले चार दिवस एका छापखान्यात तेच काम करतो. समासात प्रश्नचिन्हं काढतो. पुष्कळ काढतो. इथले लोकही वैतागतात.

हे सगळं लिहून मी गेल्या महिन्यातच संपादकांना देणार होतो. तेव्हा याचा शेवट वेगळा होता. चाचा वाट बघताहेत आणि हा लेख कदाचित आरिफच्या हातात पडेल, असा. पण परवा सकाळी ग्रंथालयाच्या पायरीवर बसलो असताना शबानाताईचा फोन आला. चाचा गेले, शुक्रवारी, झोपेत. तिने तेव्हा कुणालाच कळवलं नव्हतं. तिला ते सुचलं नाही.

"आरिफ आला," ती म्हणाली. "इतवारी. मिट्टी होऊन दोन दिस झाल्यावर. त्याले कोणं सांगतलं ते मालूम नाई."

मी पायरीवरून उठलो.

"तो फोन त्याचाच व्हता, भाऊ. त्याले सगळं समजलं व्हतं. तीन लिवले व्हते, हे बी समजलं व्हतं. मी म्हटलं, मंग आला काहून नाई रे? त्यानं बॅगीतून किताब काढली. म्हणे, तिसरा भाग येणार व्हता ना. बाबू परत आल्यावर गणोरकर त्याले घरात घेतात का नाई, एवढं वाचून मंग येणार व्हतो. दर महिन्याले स्टेशनवर जाऊन इचारे म्हणते."

त्या पुस्तकात माझी चिठ्ठी नव्हती, ती आधीच विकली गेलेली प्रत होती. शेवटचं पान मात्र प्रत्येक प्रतीत सारखंच आहे. मी नऊ ठिकाणं दुरुस्त करत गावोगाव फिरलो, आणि त्या पानावरचं 'तिसरा भाग लवकरच' मला एकदाही चूक वाटलं नाही.

मी विचारलं, "आता कुठे आहे तो?"

"इथंच हाय. घरातच. अब्बाच्या पलंगावर बसून रायते." मग ती म्हणाली, "सकाळी मी चहा केला. दोघांचे दोन कप भरले. तर त्यानं उठून तिसरा भरला, वर बशी ठेवली आणि खिडकीत नेऊन ठेवला."